कुणाची तू

"म्हण," अब्दीरशीद म्हणाला आणि होदान म्हणू लागली.

आधी बापाचं नाव, मग बापाच्या बापाचं, मग त्याच्या बापाचं. नजर समोरच्या भिंतीवर, हात मांडीवर, आणि नावामागून नाव, शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसं. अब्दीरशीद एकेक बोट मिटत होता. दोन्ही हातांची बोटं मिटून झाली तरी ती थांबेना. शेवटी त्यानंच मूठ उघडली.

"बरोबर आहे, मॅडम," तो म्हणाला. "एक नाव चुकलं नाही. मोठं घराणं आहे. आमच्या सोयऱ्यांतलंच."

"तेच तर चुकतंय," टिळेकर वकीलबाई म्हणाल्या.

त्यांनी टेबलावरचा कागद फिरवून त्याच्यापुढं सरकवला. होदानला निर्वासित मानायला दिल्लीतल्या निर्वासितांच्या कार्यालयानं नकार दिला होता, त्याचा तो कागद. "अर्जात हिनं सांगितलंय, की नवराही ह्याच घराण्याचा, ह्याच आज्या-पणज्यांचा. तुमच्यात असं लग्न होतं?"

अब्दीरशीद खुर्चीत जरा मागं सरला. "नाही होत. एवढ्या जवळच्यात तर नाहीच. बहीण-भाऊच की ते."

"दिल्लीच्या अधिकाऱ्यालाही तेवढं माहीत आहे. म्हणून त्यांनी लिहिलंय, बाई खरं बोलत नाही. एक खोटं सापडलं की पुढचं सगळं खोटं. नवऱ्याचं मरणसुद्धा."

त्यानं होदानला त्यांच्या भाषेत हळू आवाजात काही विचारलं. तिनं मान हलवली.

"काय म्हणते?"

"म्हणते, लिहिलंय तेच खरं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग अपिलात मी काय घेऊन जाऊ? माझं कपाळ?"

कुणी हसलं नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. माझ्या मनात आलं, आपल्यात एका देवकाची सोयरीक होत नाही, तसंच दिसतंय हे. पण माझं काम बोलायचं नव्हतं, बसायचं होतं.

मी हौसाबाई आगवणे. शिवाजीनगर कोर्टाच्या मागं ज्या इमारतीत बाईंचं ऑफिस होतं, तिच्या जिन्याखाली माझी चपला शिवायची जागा होती. नवरा वारला तेव्हा त्याची भोकं पाडायची आरी आणि चामडं कापायची रापी मी हातात घेतली, तेव्हापासून मी तिथंच. बाईंच्या ऑफिसात दुसरं बाईमाणूस नव्हतं. मधेच कोर्टातून बोलावणं यायचं, आणि परक्या पुरुषासमोर होदानला एकटं बसवून जाणं बाईंच्या जिवावर यायचं. मग त्या जिन्यातून हाक मारायच्या, "मावशी, वर येऊन बसा हो जरा." मी बसायचे.

होदान सोमालियाची. उंच, काटक, पंचविशीतली. नवऱ्याबरोबर पुण्यात आली होती. तो इथं कॉलेजात शिकत होता. मधे तो आईला भेटायला म्हणून गावी गेला आणि तिकडंच मारला गेला. इकडं हिचा व्हिसा संपला. कोंढव्यात एका खोलीत ती तिकडच्याच तीन बायकांबरोबर राहायची. देश सोडायची पोलिसांची नोटीस आली होती. दिल्लीच्या कार्यालयानं निर्वासित म्हणून कार्ड दिलं तर तिला कुणी परत धाडणार नव्हतं. नाही दिलं तर विमान, आणि विमानतळावर उभे असलेले, तिच्या जिवावर उठलेले दीर. अपील एकदाच करता येतं. ते टिळेकरबाईंनी अंगावर घेतलं होतं.

अब्दीरशीदही सोमालियाचाच, विद्यापीठात पीएच.डी. करणारा. पैसा न घेता दुभाष्याचं काम करायचा. आपल्या लोकांना खोल्या मिळवून द्यायचा, कुणी आजारी पडलं तर ससूनला घेऊन जायचा. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं कुणाला तसं वाटेल. तो आणि बाई हिंदी-इंग्रजीत बोलायचे, ते मी मराठीत लिहिते आहे. होदानचं हिंदी कोंढव्याच्या भाजीबाजारातलं. ते तिच्याच शब्दांत ठेवते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी डबा धुवायला नळावर गेले होते. परत आले तर माझ्या गोणपाटावर होदान बसलेली. तिच्या सँडलचा पट्टा उसवला होता. तिनं माझी आरी घेतली होती, दोरा मेणातून ओढला होता, सँडल दोन गुडघ्यांत दाबला होता आणि टाके घालत होती. मी खांबाआड थांबले. कपडे शिवणारी बाई चामड्याला हात घालते तेव्हा सुई ढकलत बसते. हिनं आधी भोक पाडलं, दोन्हीकडून दोरा घेतला आणि ओढताना दोन्ही कोपरं बाहेर फेकली. माझा सासरा तशी फेकायचा.

जिन्यात बुटांचा आवाज झाला. अब्दीरशीद उतरत होता. होदाननं विस्तव लागावा तशी आरी हातातून टाकली. उभी राहिली, ओढणीला हात पुसले, सँडल माझ्या पेटीवर ठेवला. तेवढ्यात मी समोर आलेच.

"मावशी, टूट गया," ती मोठ्यानं म्हणाली. "ठीक करो ना."

मी बसले आणि राहिलेले दोन टाके घातले. अब्दीरशीद वरून बघत होता.

"चांगला हात आहे तुमचा, मावशी."

"असायचाच," मी म्हणाले. "दुसरं केलंय काय."

होदान माझ्याकडं न बघता सँडल घालून गेली.

आरी कुणालाही येईल. पण ती टाकायची रीत मला ओळखीची होती. माझा थोरला, विलास, कंपनीत साहेब आहे, कोथरूडला राहतो. सोसायटीतली माणसं घरी चहाला आली की तो सांगतो, आई गावाकडं असते. मी तेव्हा त्याच्या घरापासून एका बसच्या अंतरावर जिन्याखाली बसलेली असायचे.

दोन-तीन दिवसांनी बाई कोर्टातून परतताना माझ्या पेटीशी थांबल्या. काळा कोट खांद्यावर टाकलेला, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"मावशी, ती तुमच्यापाशी येऊन बसते. काय लपवतेय?"

"अंदाज आहे मला."

"मग सांगा."

"नाही सांगायची."

"अहो, मी तिची वकील आहे. शेजारीण नाही."

"असाल. तिचं ते तिनं सांगायचं. मी सांगितलं तर ती चुगली झाली."

"मावशी, मुदत संपत आली. तुमच्या ह्या सोवळेपणापायी ती विमानात बसेल."

मला राग आला. "सोवळं माझ्याकडं कुठलं आलंय," मी म्हणाले. "तिलाच विचारा. फक्त त्या दुभाष्या साहेबांना बोलावू नका त्या दिवशी."

बाई पुढं काही बोलणार होत्या, त्या थांबल्या. हुशार बाई. जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"तो पुरुष आहे म्हणून?"

"तेवढंच असतं तर मी तिथं बसते, तेवढ्यानं भागलं असतं."

"म्हणजे त्याला कळलं तर तिचं नुकसान आहे. त्याला, आणि त्याच्यासारख्यांना." त्यांची नजर माझ्या रापीवर गेली. "आणि मी महिनाभर तिला त्याच्याचसमोर बसवून, खरं बोल, खरं बोल करतेय. मावशी, एक चहा सांगा. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या मला."

शनिवारी ऑफिसात आम्ही तिघीच होतो. होदाननं आत आल्या आल्या विचारलं, "अब्दी भाई किधर?"

"आज नाही येणार," बाई म्हणाल्या. "आज तू माझ्याशी हिंदीत बोलायचंस. मोडकं तोडकं चालेल. चुकलं तर आपण परत विचारू. घाई नाही."

होदान खुर्चीच्या टोकावर बसली. बाईंनी विचारलं, तुझे लोक कोण. आणि तिनं पुन्हा तीच नावं सुरू केली. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप.

तेव्हा मी माझं शहाणपण चालवलं. मला वाटलं होतं, अब्दीरशीद नसला की झालं, ही बोलेल. बोलेना म्हटल्यावर मी स्टूल पुढं ओढलं. "होदान, देख. मैं चांभार है. मेरा बाप, मेरा सासरा, सब चमडे का काम करता था. तेरे घर में भी वही है ना? उसमें शरम कसली?"

तिचा चेहरा दगडासारखा झाला. ती उठून उभी राहिली.

"मैं तुम्हारे जैसी नहीं," ती सावकाश म्हणाली. "तुम रस्ते पे बैठती. लोग का जूता पकडती. मैं बडे घर की है. पूछो अब्दी भाई को."

लागलं मला. इतकी वर्षं रस्त्यावर काढली, लोकांनी पायानं चप्पल पुढं ढकलली, तेव्हा लागलं नव्हतं एवढं लागलं. पण एक कळलं. हे वाक्यसुद्धा तिनं पाठ केलेलं होतं, नावं केली होती तसंच. कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं होतं, आणि तेव्हा ते तिला म्हटलं गेलं होतं.

"मावशी, तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. बरोबरच म्हणाल्या. मग होदानकडं वळल्या. "तू जा पाहिजे तर. पण आधी कायदा ऐकून जा. तुला कुणी नीट सांगितलेला दिसत नाही, मीसुद्धा."

होदान उभीच राहिली. बाई हिंदीत बोलू लागल्या, कोर्टातल्यासारखं नाही, शिकवणीला बसवल्यासारखं.

"लढाई तुमच्याकडं सगळ्यांनाच आहे. नुसती लढाई सांगून हे कार्ड मिळणं अवघड. कायदा विचारतो, तुलाच का मारतील? तुझ्या धर्मापायी, तुझ्या जातीपायी, तू अमक्या लोकांतली म्हणून, असं काही कारण आहे का? असेल तर तेच कारण तुला वाचवतं. तू म्हणतेस, मी मोठ्या घरची. मोठ्या घरच्या बाईला ते म्हणणार, जा परत. तुझे चुलते आहेत, भाऊबंद आहेत, बंदुका आहेत, ते सांभाळतील तुला. जिच्यामागं तिकडं कुणीच उभं राहणार नाही, तिला परत पाठवता येत नाही. समजलं?"

"फिर से बोलो," होदान म्हणाली.

बाईंनी पुन्हा सांगितलं.

होदान खाली बसली. बराच वेळ टेबलाच्या कडेवर नख ओढत राहिली. मग म्हणाली, "मतलब जिस बात से मेरे हाथ का पानी कोई नहीं पीता, उसी बात से कार्ड मिलेगा?"

"उसी बात से."

"झूठ बोला, इसलिए नहीं मिला?"

"हो."

ती आमच्याकडं बघत राहिली आणि हसायला लागली. ओढणी तोंडावर धरून हसत होती, खांदे हलत होते, थांबत होती आणि पुन्हा सुरू होत होती. मला आधी वाटलं रडते आहे. मग मीही हसू लागले, आणि टिळेकरबाईसुद्धा. खालचा झेरॉक्सवाला दारातून डोकावून गेला.

मग ती बोलली.

तिचे लोक चामड्याचे. जोडे, उंटाचं सामान, पाण्याच्या पखाली करणारे. तिकडं असे चार-दोन समाज आहेत, कुणी चामड्याचे, कुणी लोखंडाचे. मोठी घराणी त्यांच्यात मुलगी देत नाहीत, त्यांची करत नाहीत, त्यांच्या घरचं खात नाहीत. मोठे लोक त्यांना ज्या नावानं हाक मारतात ती तिकडं शिवी आहे, म्हणून ती मी इथं लिहीत नाही. तिचे लोक स्वतःला दुसऱ्या नावानं म्हणवतात. आजोबांच्या मांडीवर बसून ती आरी धरायला शिकली. ईदला जोडे करून घ्यायला मोठ्या घराण्यातला लिबान, पुढं तिचा नवरा झाला तो, तिच्या बापाच्या दुकानात आला. जोडे नेल्यावरही येत राहिला.

दोघांनी लपून लग्न केलं आणि ते शिकायच्या व्हिसावर इथं आले. इथं कोंढव्यातही तिकडचीच माणसं. बाई दिसली की पहिला प्रश्न, तू कुणाची, बापाचं नाव काय, आज्याचं काय. तेव्हा लिबाननं तिला संध्याकाळी समोर बसवून एका मोठ्या घराण्याची नावं पाठ करून घेतली. चुकली की हसायचा, परत म्हण म्हणायचा.

"पण स्वतःच्याच घराण्याची का?" बाईंनी विचारलं.

"उसको दूसरा आता नहीं था," होदान म्हणाली.

बाईंनी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

लिबानची आई आजारी म्हणून निरोप आला. तो गेला. आई ठणठणीत होती. भावांना सगळं कळलं होतं. तीनदा तलाक म्हण आणि इथंच राहा, म्हणाले. त्यानं म्हटलं नाही. घराच्या दारातच गोळी घातली. मग त्याच्याच फोनवरून थोरल्या दिरानं हिला फोन केला. तुझ्यासाठीही गोळी ठेवली आहे, म्हणाला, पण कबर त्याच्या शेजारी मिळणार नाही.

"इतना तो सच बोला," होदान म्हणाली. "नहीं देंगे बाजू में."

तिच्या बापाचं दुकान जाळलं होतं. बाप आणि भाऊ कुठं गेले, तिला ठाऊक नव्हतं. फोन लागत नव्हता.

अंधारायला आलं तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी खोटं का बोललीस, हे आपण पहिल्या पानावर लिहायचं. झाकायचं नाही. आणि मुलाखतीला दुभाषी बाई हवी, फोनवरची, दुसऱ्या देशात राहणारी, ह्या मोठ्या घराण्यांतली नको, असं आधी लिहून मागायचं. मागता येतं ते."

"अब्दी भाई को मालूम पडेगा?"

"माझ्याकडून नाही."

निघताना होदान माझ्या स्टुलाशी थांबली. "मावशी, वो रस्ते का बात, मैं..."

"जाऊ दे," मी म्हणाले. "तुझा चहा गार झाला. तो पी आणि जा."

आठवडाभरानं अब्दीरशीद माझ्यापुढं येऊन उभा राहिला. बूट पॉलिशला काढून दिले आणि मोज्यांवर जिन्याच्या पायरीवर बसला.

"मॅडमनी मला बोलावणं बंद केलं, मावशी."

"कामात असतील."

"होदान बोलली वाटतं."

"मला तुमची भाषा कुठं येते."

तो हसला. मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "लिबानचे भाऊ मला ओळखतात. परवा फोन आला होता. विचारत होते, ती राहते कुठं."

माझा ब्रश थांबला. "मग?"

"म्हटलं, माहीत नाही. पुणं मोठं आहे." त्यानं एक बूट उचलून बघितला, परत ठेवला. "तिला एक सांगा. दिल्लीला त्या कार्यालयाच्या हॉलमध्ये आमचीच माणसं बसलेली असतात. पहिल्यांदा तोच प्रश्न येईल, कुणाची तू. काय सांगायचं ते आधीच ठरवून जा म्हणावं. बाहेर एक सांगितलं आणि आत दुसरं, तर बाहेरचं आत जायला वेळ लागत नाही."

धमकी होती की काळजी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. बूट घालून तो उठला. मी नेहमीप्रमाणे चहा सांगितला होता. "आज उशीर झाला," म्हणाला आणि गेला. माझ्या पेटीवरचा कितीतरी चहा त्यानं प्यायला होता. इतके दिवस मी त्याला परमुलखातली चांभारीण होते. त्या दिवशी मी त्याच्या गावच्या चामडेवाल्यांतली झाले. आणि त्याच माणसानं तिचा पत्ता दिला नव्हता, हेही खरं.

मी होदानला त्याचा निरोप जसाच्या तसा सांगितला. बाईंनाही सांगितला. बाई म्हणाल्या, "हॉलमध्ये कुणाला काही सांगायचं बंधन नाही. तसबीची माळ काढ, डोळे मीट, गप्प बस." होदान हो म्हणाली. मग म्हणाली, "मावशी चलेगी दिल्ली?"

"मावशी तिथं काय करणार?"

"बैठेगी."

बाईंनी माझंही तिकीट काढलं.

दिल्लीच्या त्या हॉलमध्ये लोखंडी बाक होते आणि नाना देशांची माणसं. आम्हाला एका लांब बाकावर जागा मिळाली. कडेला मी, मग होदान, तिच्या पलीकडं तपकिरी शाल घेतलेली एक म्हातारी, मग दोन तरण्या मुली. सगळ्या होदानच्याच मुलखातल्या. टिळेकरबाई खिडकीशी कागद द्यायला गेल्या.

म्हातारीनं होदानकडं बघून प्रेमानं काही विचारलं. होदाननं तसबी ओढली, डोळे मिटले. म्हातारीला वाटलं असेल, पोर घाबरली आहे. तिनं होदानच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं. मला शब्द कळला नाही, पण प्रश्न कळला. आडनाव काय म्हणून तो मला जन्मभर विचारला गेला आहे, भाड्याची खोली बघताना, नळावर, लग्नाच्या मांडवात.

होदाननं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिला ती पाठ केलेली नावं झोपेतही म्हणता आली असती. म्हातारी खूश झाली असती, पिशवीतला खजूर काढून दिला असता.

होदान बोलू लागली. बापाचं नाव. मग दुसरं, मग तिसरं. ऐकून ऐकून ती जुनी यादी माझ्याही कानात बसली होती. ही ती नव्हती. चार नावं घेऊन ती थांबली आणि शेवटी तिच्या लोकांचं नाव म्हणाली. ते तिनं ऑफिसात म्हटलेलं मी ऐकलं होतं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

म्हातारीचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. रागानं नाही. काही काम आठवल्यासारखा उचलला गेला. तिनं शाल आवरली, पिशवी घेतली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. मागोमाग त्या दोन मुली उठल्या. भिंतीशी उभा असलेला एक माणूस काहीतरी बोलला आणि दुसरा हसला. होदानची मान ताठ होती.

अख्खा बाक मोकळा झाला. मी माझी पिशवी पलीकडच्या टोकाला सरकवली आणि पाय वर घेतले.

"बरं झालं," मी म्हणाले. "गाडीत बसून पाय सुजलेत. आता नीट बसता येईल. तू पण घे वर."

ती हसली नाही. पण तिनंही सँडल काढले आणि पाय वर घेतले.

बाई परत आल्या आणि बघत राहिल्या. "एवढ्या गर्दीत तुम्हाला एवढी जागा कुणी दिली?"

"होदाननं मिळवली," मी म्हणाले.

तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, ओढणी नीट केली आणि बाईंच्या पुढं चालत आत गेली. मागं वळून बघितलं नाही. समोरच्या बाकावरची म्हातारी मात्र ती दार लोटेपर्यंत बघत होती.

निर्णय यायला पावसाळा उलटला. मधे कोंढव्यातल्या खोलीवर दिल्लीची बातमी पोचली होती. तिथल्या दोघींनी चूल वेगळी केली, तिसरी हिच्याबरोबर जेवत राहिली. पोलीस दोनदा येऊन गेले. बाई दोन्ही वेळा कोर्टातलं काम टाकून पोलीस चौकीवर पोचल्या, आणि अपील चालू असल्याचा कागद साहेबाच्या टेबलावर ठेवून, त्याची पोच घेतल्याशिवाय हलल्या नाहीत.

मग एक दिवस जिन्यातून हाक आली. मी वर गेले तर होदान आधीच येऊन बसलेली. बाईंच्या हातात पाकीट होतं.

"मंजूर," बाई म्हणाल्या. "कार्ड मिळणार."

होदाननं मान हलवली, जशी काही दुसऱ्याची बातमी ऐकते आहे. "क्या लिखा है?"

बाई इंग्रजी वाचत वाचत हिंदीत सांगू लागल्या. ही बाई अमक्या समाजाची आहे. ह्या समाजाच्या बाईनं मोठ्या घराण्यात लग्न केल्यामुळं तिच्या जिवाला खरा धोका आहे. तिच्यामागं उभं राहणारं तिकडं कुणी नाही. ती आधी खरं का बोलू शकली नाही, हे समजण्यासारखं आहे. सबब तिला परत पाठवता येणार नाही.

"हमारा नाम लिखा है? गाली वाला नहीं?"

"तुमचं. तुम्ही म्हणता ते."

"दिखाओ."

बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. होदाननं वाकून तो वाचला. मग कागद परत बाईंच्या हातात दिला आणि खुर्चीत मागं टेकून बसली. इतक्या महिन्यांत ती त्या खुर्चीत कधी मागं टेकली नव्हती.

"फिर पढो," ती म्हणाली. "शुरू से."

बाईंनी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. मी माझं स्टूल ओढून घेतलं. खाली पेटी उघडी होती, गिऱ्हाईक आलं असेल तर परत गेलं असेल.